पट्ट्याचा दिवा लागला होता

मंगळवार, १२ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष घालायची सोय नाही, खांद्यापासून कंबरेपर्यंत मला आवळून ठेवलंय. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

तू पाठवलेली उशी पोचली. भाचीने काढलेलं विमानही मिळालं. दोन्ही पंख एकाच बाजूला आहेत, पण कंपनीच्या पत्रकापेक्षा ते बरंच खरं आहे, असं तिला सांग.

पत्रक वाचलंस ना? "आसनपट्ट्याचा दिवा लागलेला असताना संबंधित कर्मचारी उभी होती." जशी काही चिमणी हौसेने छतावर आपटायला गेली! चिमणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, तुला माहीत आहे. तिला कमरेखाली काही जाणवत नाही. परवा मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं, तर विचारते, "मॅडम, माझी ट्रॉली कुणाला लागली नाही ना?"

दिवा प्रवाशांसाठी असतो. वैमानिकाच्या बायकोला हे मी काय सांगू! दिवा लागला तरी आम्ही जेवण वाढतच असतो. कॅप्टन जोवर "क्रू, बसून घ्या" म्हणत नाही तोवर आमचं काम थांबत नाही. प्रत्येक दिव्याला बसलो तर निम्मे प्रवासी उपाशी उतरतील आणि साहेबांच्या टेबलावर तक्रारींचा ढीग लागेल.

त्या दिवशी आमच्या पुढे उडणाऱ्या विमानाने हवा वाईट असल्याचं कळवलं होतं. हादरे सुरू झाले तेव्हा मीच कॉकपिटमध्ये फोन लावून विचारलं, "कॅप्टन, मुलींना बसवू का?"

"तुम्हा बायकांना बसायला निमित्तच हवं असतं. आधी जेवणं उरका. आणि माझी कॉफी कुठाय?"

हे तुझ्या नवऱ्याचे शब्द. मी कॉफी घेऊन निघाले आणि विमान पायाखालून निघून गेलं. चिमणी वर गेली ती ट्रॉलीवरच पडली. माझा डावा खांदा मोडला. कॉफी त्यांना मिळाली नाही, तेवढंच समाधान. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला आता काहीच आठवत नाही. भाऊजींकडे बघून मान हलवायची तेवढी आठवते.

खरं म्हणजे मला हे लिहायचं नव्हतं. काल भाऊजी आले होते. भलामोठा गुच्छ, इस्त्रीचा शर्ट. ऐसपैस बसून म्हणाले, "दिवा लागला होता, एवढंच सांगायचंस. ते खोटं थोडंच आहे?"

"आणि चिमणीचं काय?"

"तिचं व्हायचं ते झालं. माझी अजून बरीच नोकरी शिल्लक आहे."

असं बोलताना माणूस निदान खाली बघतो. हे गृहस्थ गुच्छाची पानं नीट करत होते. चिमणीवर ठपका बसला की तिची नोकरी जाणार आणि वर अंथरुणात पडून ती आयुष्यभर स्वतःलाच दोष देणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. जाताना म्हणाले, "तुझ्या ताईशी बोललोय मी." मला वाटलं, निदान हे तरी खोटं असेल.

संध्याकाळी तुझा फोन आला. "घरातली गोष्ट घरात राहू दे गं," म्हणालीस. चिमणीची एका शब्दानेही चौकशी केली नाहीस. खांदा दुखतोय म्हणून मी फोन ठेवला. खांदा दुखत नव्हता, ताई. तुझा आवाज ऐकवत नव्हता. भाऊजींची किळस आली तरी ती मी पचवेन, हसतहसत पचवेन. तुझी आली, ते सोसवत नाही.

उद्या चौकशी आहे. दिव्याचंही सांगेन आणि कॉफीचंही. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावर नंतरचं चढलंय, सहवैमानिक विसरलाय, म्हणजे मी गप्प बसले तर फोनवरचं ते घडलंच नाही.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर समजून घेईन, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. मी समजून घेणार नाही. हे पत्र आजच हातोहात पाठवतेय. भाऊजींना खुशाल दाखव, उद्या हेच त्यांना सगळ्यांसमोर ऐकायचं आहे.

अजून तरी तुझीच,
धाकटी