सुरूचे माहेरपण

शहापूर, बेळगाव
ता. ११ मार्च १९३४

रा. रा. मारुतीराव यांसी गुंडोपंताचा सा. न. वि. वि.

तक्रार गंभीर आहे. आपल्या कुंडीतल्या सुरूने माझी खिडकी बळकावली. अठरा वर्षे तिथे बसून मी पोरांकडून शब्दरूपे घोकून घेतली. आता तिथे हा विलायती ऋषी उभा, आणि मी दारातल्या वाऱ्यात.

तरी आज्ञेप्रमाणे ओल्या फडक्याने पाने पुसतो, बोटाचे पेर मातीत कोरडे लागले तरच पाणी घालतो, दर सोमवारी कुंडी पाव फेरा वळवतो. आपल्या वखारीतल्या तंबाखूच्या धुळीने तपकिरी पडलेला शेंडा इथल्या हवेत हिरवा झाला.

मी मुराळी होऊन आलो होतो तो माझ्या बहिणीला, इंदूला, न्यायला. आपण हातात कुंडी दिलीत. परतीच्या मोटारीत शेजारी सकाळी भेटलेलाच शेतकरी होता; त्याने बहीण कुठं हाय म्हणून विचारले. मी मांडीवरचे झाड दाखवले. संकेश्वरापर्यंत तो अंग चोरून बसला.

त्याच धुळीत इंदू खोकते. तिचीही हवापालट व्हावी.

लोभ असू द्यावा. झाडावर आहे त्याच्या निम्मा पुरे.

आपला,
गुंडो

निपाणी
ता. १४ मार्च

रा. रा. गुंडोपंत यांसी सा. न. वि. वि.

सुरू सुधारला, आनंद झाला. पुढच्या रविवारी मामलेदार चहाला येताहेत. तो बैठकीत हवा. शुक्रवारच्या मोटारीने आपला गडी भरमू याच्याबरोबर पाठवावा. इंदूचे म्हणाल तर हंगाम आहे. वखारीतल्या माणसांचा स्वयंपाक कोण करील? आणि खोकला अख्ख्या निपाणीला आहे.

थट्टा आपली, सोसणे आमचे. ममता आहेच, ती राहावी.

आपला,
मारुती

शहापूर
ता. १७ मार्च

रा. रा. मारुतीराव यांसी सा. न. वि. वि.

सुरू पाठवता येत नाही. हंगाम आहे, खिडकीला सावली कोण करील? कालपासून तो चुलीशी ठेवला आहे. धूर लागतो खरा, पण खोकला अख्ख्या शहापुराला आहे. शेंडा पुन्हा तपकिरी पडतो आहे, आणि शास्त्र शिकलेला असूनही मला ते पाहून बरे वाटते. मामलेदारांना रिकामी तिवई दाखवा. इंदू बेळगावात उतरेल तेव्हाच झाड चुलीपासून उठेल.

आता सरळ लिहितो. न्यायला आलो त्या दिवशी खोकताना तिने तोंडाला पदर लावला. पदरावर रक्त होते. आपल्याला कळले तर आपण तिला कायमची माहेरी टाकाल, म्हणून तिने मला शपथ घातली. म्हणून इतके दिवस झाडाआडून बोललो. आज ती शपथ मोडली.

मारुतीराव, बरी झाली की मी स्वतः तिला निपाणीला आणून सोडीन. पण ती हातची जाईल, अशी मला भीती वाटते.

गुंडो