राटहाउसातले पेढे

तीर्थस्वरूप रमेशमामांना शिरीषचा इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं मामींकडून कळलं. पण दिला म्हणून लगेच गच्चीपर्यंत जाऊ नका. इकडे चारुलता, निधी आणि मी ठणठणीत. मी तर जरा जास्तच, कारण बातमीच तशी आहे.

मामा, आम्ही घर घेतलं! डार्मश्टाटपासून ट्रामने वीस मिनिटं, तीन खोल्या आणि बाल्कनी (एक खुर्ची मावते, पण आपली मावते). आणि कमी पडणारी रक्कम कोणी कर्जाऊ दिली? खुद्द इथल्या नगरपालिकेने! लेकुरवाळ्या कुटुंबांनी गाव सोडून जाऊ नये म्हणून त्यांची योजना आहे. यंदा आठच घरांना मिळालं, त्यात एक आम्ही खांबेटे.

अर्थात, सरळ मिळालं असतं तर मी कसला तुमचा भाचा? राटहाउसात, म्हणजे पालिकेच्या कचेरीत, अर्ज द्यायला गेलो तो चारुलताने केलेल्या पेढ्यांचा डबा घेऊनच. "अरे, आधी मंजूर तर होऊ दे," असं ती ट्रामभर सांगत होती. पण शुभकार्यात तोंड गोड केल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. टेबलामागच्या फ्राउ लेमान यांनी डब्याला हात न लावता फोन उचलला. एक गंभीर गृहस्थ आले, त्यांनी पेढे मोजले (एकवीस), फोटो काढला आणि आमचा अर्ज बाजूला ठेवला. निकालाआधी दिलेला पेढा इथे लाच धरतात!

तीन आठवडे घास गोड लागेना. घराच्या मालकीणबाई दुसरं गिऱ्हाईक बघू लागल्या. मी दोन पानी खुलासा लिहिला, की आमच्यात काम व्हावं म्हणून पेढे देत नाहीत, काम होणारच असं धरून देतात. (हे जास्तच संशयास्पद आहे हे पाठवल्यावर कळलं.) शेवटी चौकशीला बोलावलं. पेढे इतरांनाही देता का, असं त्या गृहस्थांनी विचारताच सात वर्षांची निधी जर्मनमध्येच म्हणाली, की बाबा सगळ्यांना देतो, पोस्टमनला, शेजाऱ्यांना, दातांच्या डॉक्टरलासुद्धा. गृहस्थ हसले नाहीत, पण लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं आणि पेढे रजिस्टर पोस्टाने परत आले, एकवीसच्या एकवीस. इतक्या काटेकोर माणसांनी आपल्याला लायक ठरवलं, मामा! दारावरची स्वतःच्या नावाची पाटी मी रोज पुसतो. खरंच, फार अभिमान वाटतो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
शिरीष

ता. क. पाटीचा फोटो सोबत आहे. सोसायटीत सगळ्यांना दाखवा. आईला मात्र इतक्यात नको.

ता. क. २. करारात एक छोटी अट आहे. दहा वर्षं आम्ही स्वतः याच घरात राहायचं, नाहीतर कर्ज एकदम फेडायचं. आईला मी दर दिवाळीत "पुढच्या वर्षी कायमचे येतो" म्हणत आलोय. तुम्ही तिचे धाकटे भाऊ, तुमचं ती ऐकते. तेवढं तुम्हीच सांगाल का? काल मी सांगणारच होतो. पण तीच म्हणाली, "तुमच्या तिघांच्या खोलीला रंग देऊन घेतलाय." कुठला, एवढं विचारून मी फोन ठेवला.