घाटात बंद पडणारा कॉम्प्युटर

सौ. विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? व्याह्यांचा खोकला गेला का, की अजून शेजाऱ्यांना उठवतोय? माझी तब्येत छान आहे, फक्त डोकं तापलंय, आणि ते तुमच्या जावयाने तापवलंय. (तो माझा मुलगा आहे हे मला ठाऊक आहे. पण या आठवड्यात त्याला तुमचा जावई म्हटलं की मला जरा बरं वाटतं.) माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघून घ्या. राग मात्र सगळा शुद्ध आहे.

तर आपल्या नातीने, ठकीने, घरी कॉम्प्युटर जोडला. तयार विकतचा नव्हे हो, एकेक सुटा भाग आणून, स्वतःच्या हाताने. ज्याच्यावर ते मोठाले खेळ चालतात, तसला. नोकरी लागल्यापासून पोरीने केलेली ही एवढी एकच हौस. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून सगळं मांडलं होतं, मी शेजारी बसून वाटीत स्क्रू सांभाळत होते. तान्ह्या बाळाला काजळ घालावं तशा हाताने ती एकेक भाग बसवत होती. आणि समोर हे महाराज, हाताची घडी घालून. एकच पालुपद, ‘बिघडलं तर परत द्यायचं आहे, जपून.’ अरे, अजून जोडलं नाही तर परत कसलं देतोस? पण त्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. नव्या वस्तूचं प्लास्टिक तो कुणाला काढू देत नाही. परत द्यायची वेळ आली तर दुकानदार आधी प्लास्टिक बघतो म्हणे. सोफा घेतला तेव्हा ठकी बालवाडीत होती, अजून तो प्लास्टिकमध्येच आहे. (मागच्या खेपेला तुम्ही ज्याच्यावरून घसरलात, तोच.) रिमोटच्या पिशवीतून बटणं दिसत नाहीत, सगळे अंदाजाने दाबतात. वजनकाट्यावरचा कागद इतका पिवळा पडलाय की माझं वजन वाढलं की घटलं ते देव जाणे. तुमची लेक सुरुवातीला भांडली, मग थकली. तिला दोष नाही, मी तर त्याच्या जन्मापासून थकलेय.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा आतून असे रंगीत दिवे लागले की मी टाळ्याच पिटल्या. खेळ काय, तर मालाने भरलेला ट्रक घाटातून पलीकडे न्यायचा आणि मागे लुटारू लागलेले. ठकी चालवते, मी मागचं बघते. हो, मी खेळते. हसून घ्या. पण माझ्याइतकं मागचं कुणाला दिसत नाही, सासू आहे मी. तर ट्रक ऐटीत निघाला, घाटाचं दुसरं वळण आलं, आणि पडदा काळा! यंत्र ठप्प. पुन्हा चालू केलं, पुन्हा दुसरं वळण, पुन्हा काळोख. रोज हेच. लुटारूंनी लुटलं असतं तरी चाललं असतं, निदान काही घडलं तरी असतं!

ठकीने काही म्हणून बाकी ठेवलं नाही. आतल्या त्या स्मरणाच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या, वायरी उपसून पुन्हा खोचल्या, खेळ पुसून नव्याने घातला. कंपनीला फोन लावला तर तिकडचा मुलगा मधाळ आवाजात म्हणतो, एकदा बंद करून चालू करा. मी फोन हिसकावला आणि म्हटलं, बाबा रे, बंद ते आपणहून होतंय, चालू करायचं कामच आम्ही दिवसभर करतोय! दुकानात उचलून नेलं, तर तिथे शहाण्यासारखं चाललं. डॉक्टरच्या दारात पोरांचा ताप उतरतो ना, तसं. (दुकानदाराने खेळ लावलाच नव्हता. नुसता पडदा बघून ‘उत्तम आहे’ म्हणाला मेला.)

आणि घरी तुमचा जावई विजयी मुद्रेने उभा. म्हणाला, रविवारपर्यंत चाललं नाही तर सगळं खोक्यात घालून परत. वर म्हणतो, ‘ठके, हे तुझं काम नव्हे, जमणाऱ्याने करावं.’ पोर भरल्या ताटावरून उठली हो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला वाढलेली भाजी परत पातेल्यात काढली.

मग ठकीने यंत्राच्या आतला ताप दाखवणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला. घाट लागला की आकडा दुधासारखा वर यायचा, उतू जायच्या बेताला आला की सगळं बंद. म्हणजे थंड करणारा पंखा आणि त्याच्या बुडाची धातूची वडी कामच करत नव्हती. तिने ती वडी खोलली. आणि विहीणबाई, वडीच्या बुडाला, जिथे धातूला धातू चिकटायचा तिथे, मधोमध प्लास्टिकचा पापुद्रा! त्यावर ठळक लिहिलेलं, वापरण्याआधी काढावे.

तेव्हा मला आठवलं. जोडताना ठकीने विचारलं होतं, ‘बाबा, हे काढायचं असतं ना?’ आणि हे महाराज म्हणाले होते, राहू दे, परत द्यायला लागलं तर? पोरीने उभ्या जन्मात या घरात प्लास्टिक निघालेलं पाहिलं नाही, तिला वाटलं, बाबा म्हणतात तर राहूच द्यायचं असेल! परत द्यायला लागू नये म्हणून ठेवलेल्या प्लास्टिकामुळेच परत द्यायची पाळी! मी त्याला असं झाडलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपला टीव्ही बारीक केला. तर तोंड वर करून विचारतो, ‘लिहिलेलं तिने वाचायला नको?’ अरे वाचलं म्हणूनच विचारलं ना तुला, शहाण्या!

पापुद्रा काढला, ट्रक घाटापलीकडे गेला. ठकीने मला उचलून गिरकी मारली, माझा चष्मा सोफ्याखाली गेला, तो अजून तिथेच आहे, म्हणून अक्षर असं. आता राग तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे, ठेवून घ्या. व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण (आणि नाइलाजाने तुमच्या जावयाची आई)

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी तुमच्या जावयाला बोलावून घ्या. ‘खरंच चालतं का बघतो’ म्हणून तो त्या यंत्रापुढे बसला, तो आज चार दिवस उठत नाही. ठकीला तिच्याच कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. आईचं ऐकत नाही, सासूचा शब्द मोडत नाही. आजारपण वगैरे सांगू नका, नळ गळतोय म्हणा.

आणखी ता. क. नळाचं सांगताना आवाज जरा रडवेला काढा.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून कानावर आलं. तुमचा जावई लेकीच्या शेजारी स्टूल ओढून बसलाय आणि विचारतोय, ‘ठके, मला दाखव की, हे सगळं तू जोडलंस कसं?’ आणि ती पहिल्या स्क्रूपासून सांगते आहे. तेव्हा विहीणबाई, हा रविवार नळ गळू द्या.