चावी कुणाच्या हातात

शनिवार, संध्याकाळ

मिस्त्रीनं आजही चावी ह्यांच्याच हातात दिली. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत न्हाई, हे त्याला चांगलं ठाऊक हाय!

आमची जुनी डिझेल जीप राणीसावरगावच्या चढावर काळा धूर ओकायली होती. मिस्त्री ह्यांना म्हणला, "भाऊ, इंजिन खोलावं लागतंय." मी म्हणले, धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकलाय. तो हसला. मग मीच त्या व्हॉल्व्हकडं धूर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाला पत्रा लावून चढावर जाऊन आले. काळा धूर गायब.

"मग पत्राच राहू द्या भाऊ, सगळे तसंच करतेत." पुन्हा भाऊच! पत्र्यानं धूर दिसत न्हाई, पण विषारी वायू वाढतो. माझ्या मागून सायकलवर पोरी येतेत, त्यांनी तो ओढायचा का? नवाच व्हॉल्व्ह बसवून घेतला.

आणि चावी? पुन्हा ह्यांच्याकडं. हे मला द्यायला लागले, तर मी हात मागं घेतला.

"मला नका देऊ. त्याला परत द्या. त्यानं मला द्यावी."

ह्यांनी चावी मिस्त्रीला परत दिली. मी हटले न्हाई.

दिली. माझ्या हातात.