चेहरे पुसायचं काम

३ फेब्रुवारी

नवी खोली. पाच वर्षांतली चोविसावी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, छप्पर उतरतं. पलंगावरून उठताना दोनदा डोकं आपटलं. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली कुणीतरी पुठ्ठा घडी करून ठेवलाय. पण नेट चांगलं आहे, आणि आमच्या धंद्यात नेट चांगलं तर सगळं चांगलं. आधी नेट बघायचं, मग खुर्ची, मग नळाला गरम पाणी येतं का ते. खिडकीतून काय दिसतं हे सगळ्यात शेवटी. दातांचा दवाखाना दिसतो. बसथांबा दिसतो.

घरमालकीण खालीच राहते. किल्ली देताना विचारते, "किती दिवस?" दोन महिने म्हटलं. "आणि मग?" मग बघू! तिने माझ्या एकुलत्या एक बॅगेकडे पाहिलं. "एवढ्यात मावतं सगळं?" मावतं. पूर्वी हे सांगताना माझी छाती फुगायची.

४ फेब्रुवारी

ताईचा मेसेज. गेल्या अकरा महिन्यांतले तिचे सगळे मेसेज एकत्र केले तरी एक पान भरणार नाही. आजचा मात्र लांबलचक. बाबांचं घर भाड्याचं, ते मालकाला वीस तारखेच्या आत परत हवंय. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून इतके दिवस तिनेच सांभाळलं. लिहिते — "बाबांच्या खोलीतलं मी काही हलवलेलं नाही. चष्मा, रेडिओ, कपाट, सगळं होतं तसं आहे. तू येशील म्हणून. आता येणार असलास तर ये. नसशील तर काय करायचं ते सांग."

वाचलं. लॅपटॉप उघडला आणि कामाला बसलो. हे मला छान जमतं.

५ फेब्रुवारी

लिहून टाकतो एकदाचं. कुणी वाचणार थोडंच आहे.

बाबा गेले तेव्हा मी तीन विमानं लांब होतो. पहिलं मिळालं. दुसऱ्याला उशीर. विमानतळावर बाकावर बसलेलो असताना ताईचा फोन आला. "आता थांबता येत नाही रे. आम्ही उरकून घेतो." बरं म्हटलं. मग तिथेच बसून विचार केला, आता पोचून करायचं काय? आणि परत फिरलो. अर्ध्या वाटेवरून! दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर. मुकादमाने विचारलं, "तू सुट्टी घेतली होतीस ना?" मी लिहिलं, गरज पडली नाही. (मुकादम म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख. तो दुसऱ्याच खंडात बसतो आणि कुणाचा वेग किती यावर डोळा ठेवून असतो. नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही.)

ताई याबद्दल आजवर एक अक्षर बोललेली नाही. कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

ताईला उत्तर लिहिलं, खोडलं. पाठ धरलीय. खुर्ची बेकार.

८ फेब्रुवारी

कपडे धुवायला खालच्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो. यंत्रासमोर बसून आपले कपडे फिरताना बघायचे — आठवड्यातलं माझं सगळ्यात शांत काम. शेजारी एक जोडपं होतं. भटकायला नवे निघालेले, लगेच कळतं. मी पाच वर्षं असाच फिरतोय म्हटल्यावर त्या बाईचे डोळे चमकले. "किती देश झाले?" मी सांगितलं. "मग, कुठलं सगळ्यात आवडलं?" एक चौक आठवला, एक पूल आठवला, कुठल्या गावातले ते आठवेना. काहीतरी ठोकून दिलं. निघताना नवरा म्हणाला, "तुमची मजा आहे बुवा!" मजा आहे. खोटं कशाला बोला, खूप वर्षं होतीच. नव्या जागी उतरलं की दोन दिवस सगळं लख्ख दिसतं. मग तिसऱ्या दिवशी कामाची तुकडी येते आणि मी पडद्यात डोकं घालतो, ते थेट निघायच्या दिवशी वर काढतो.

रविवारी बाबांशी बोलायचो, व्हिडिओवर, अर्धा तास. ते विचारायचे, "आता कुठे?" मी लॅपटॉप उचलून खिडकीबाहेर दाखवायचो. ते म्हणायचे, "वा!" मग, "जेवलास का?" तेवढ्यासाठी सगळ्या खोल्यांच्या खिडक्या मी नीट पाहिल्या असतील. हल्ली बघत नाही.

१० फेब्रुवारी



माझं काम आधी लिहितो, म्हणजे डोकं जाग्यावर येईल. छपरावर कॅमेरा बसवलेली गाडी जगभर गल्लोगल्ली फिरते, नकाशासाठी रस्त्यांचे फोटो काढते. त्यात सापडलेल्या माणसांचे चेहरे यंत्र आपोआप पुसट करतं. यंत्राकडून सुटतील ते चेहरे मी पुसायचे, आणि तुकडी पास करायची. एका तुकडीत हजार फोटो. एकदा पुसलेला चेहरा परत दिसत नाही, आम्हालासुद्धा नाही. फोटो कधीचा, तेही आम्हाला दिसत नाही. आणि एक नियम फार कडक — ओळखीची जागा आली तर तिथेच थांबायचं, तुकडी परत करायची.

आज आमची गल्ली आली.

आधी पाण्याची टाकी दिसली. जगात अशा टाक्या काय कमी आहेत? मग छापखान्याचं गंजलेलं शटर. मग डावीकडे वळलो तर आमचं फाटक! आणि फाटकात बाबा.

यंत्राने चेहरा पुसलाय. नुसता पांढुरका डाग. पण अंगात तो राखाडी स्वेटर! आईने तिच्या शेवटच्या वर्षी विणलेला. लोकर कमी पडली म्हणून उजव्या खिशाला निळी पट्टी लावली होती तिने. बाबा तो सोडायचेच नाहीत, आम्ही किती चिडवायचो. जगात असा दुसरा स्वेटर असणार नाही.

तीन फोटो आहेत. पहिल्यात ते फाटकाच्या कडीशी वाकलेत. दुसऱ्यात मान वर करून गाडीकडे बघतायत. तिसऱ्यात ताठ उभे राहून हात वर केलाय. कॅमेऱ्याला. म्हणजे मला! दुसरं कोण बघणार होतं ते फोटो? माझ्याशिवाय कुणाच्या हाती यायचे होते?

टेबलावर डोकं ठेवून रडलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी

तुकडी परत केली नाही. करणार नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून तेच तीन फोटो. मागे-पुढे, मागे-पुढे. किती मोकळे उभे आहेत! एक खांदा जरा उतरलेला, एक पाय पुढे. अगदी बाबाच. वडिलांना ओळखायला चेहरा कशाला लागतो? चाळीस वर्षांचा मुलगा आहे मी त्यांचा.

ते आजारी होते असं ताई म्हणायची खरी. पण मला ते असेच दिसणार कायमचे, फाटकात, ठणठणीत.

१३ फेब्रुवारी

मुकादम — "एका तुकडीला तीन दिवस? काही अडलंय का?" नेट नीट चालत नाहीये म्हटलं. नेटवर इतका धडधडीत आळ मी आजवर घेतला नव्हता.

घोडं असं अडलंय : तुकडी पास केली की ती माझ्या पडद्यावरून जाणार. आणि फोटो काढून ठेवणं म्हणजे नोकरी जाणं.

१४ फेब्रुवारी

फोनने पडद्याचे फोटो काढले. तिन्ही. मग तुकडी पास केली. चोरी करून पोट दुखेल असं वाटलं होतं. उलट भूक लागली.

१५ फेब्रुवारी

ताईला लिहिलं. वीस ओळी लिहून सतरा खोडल्या. पाठवलं ते एवढंच — मी येत नाही. तू थांबू नकोस. खोलीतलं ज्याला जे उपयोगी पडेल ते देऊन टाक, मला काही नको.

खरंच नको. बाबांचा चष्मा आणि रेडिओ हातात घेऊन मी त्या खोलीत काय करणार होतो? भेटच घ्यायची राहिली होती. ती झाली. त्यांनी हात केला, मी पाहिला. असं लिहिलं की वेडेपणा वाटतो, पण छातीवरचं ओझं उतरलंय हे खरं आहे. बाकावरून परत फिरलेला तो माणूस मला इतका नकोसा वाटत नाही आता.

फोटोंबद्दल ताईला अजून सांगितलं नाही. तिला सावकाश सांगेन.

तिचं उत्तर आलं. "बरं."

१७ फेब्रुवारी

तिसरा फोटो कोपऱ्यावरच्या दुकानात मोठा करून आणला. घरमालकिणीला विचारलं, भिंतीत एक खिळा ठोकू का? "ठोका. पण जाताना भोक बुजवून जायचं." चोवीस खोल्यांत मी कधी खिळा ठोकला नव्हता! हातोडी तिचीच. ती आणून दिली आणि दारात उभी राहून बघत बसली.

"कोण हे?"

"माझे वडील."

जवळ आली, चष्मा वर सरकवला. "चेहरा नाही दिसत."

"मला दिसतो," मी म्हटलं.

तिने मान मागे घेऊन फोटो पाहिला. मग म्हणाली, "जरा डावीकडे कललाय," आणि स्वतःच सरळ करून गेली. मघाशी तिने वर एक उशी पाठवली, खुर्चीवर पाठीला घ्यायला. बाई वाटली तशी खाष्ट नाही.

१८ फेब्रुवारी

दुपारी काम लवकर आटोपून चक्क चालायला गेलो. दातांच्या दवाखान्यापलीकडे नदी आहे. पंधरा दिवस इथे राहतोय, पत्ता नव्हता! कठड्याशी तासभर उभा होतो. इथे सहा महिने राहावं असं मनात येऊन गेलं. हे असलं माझ्या मनात येत नाही.

१९ फेब्रुवारी

आज फोटो ताईला पाठवले. नियम मोडला, तर सगळाच मोडू. खाली लिहिलं — बघ कोण सापडलं. जगातल्या एवढ्या रस्त्यांतून आपलीच गल्ली माझ्याकडे आली, आणि फाटकात बाबा, मला हात करताना. मी नाही आलो तरी ते भेटून गेले. तू माझ्यावर रागावलीस, ते बरोबरच होतं. पण हे बघून थोडी तरी निवळशील.

मला वाटतं, तीसुद्धा रडेल. मग आम्ही बोलू. खूप बोलायचं राहिलंय.

२० फेब्रुवारी

ताईने पाहिलंय. उत्तर नाही. घराची किल्ली द्यायचा आजच दिवस, गडबडीत असेल.

२१ फेब्रुवारी

अजून नाही.

२२ फेब्रुवारी

ताईचा फोन. फोटोंबद्दलच.

हे बाबा नव्हेत. हा कोपऱ्यावरचा किल्लीवाला. कॅमेऱ्याची गाडी आली तेव्हा बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते, ताई तिथेच अंगणात होती. फाटकाची कडी दुरुस्त करत होता तो. हात काय, तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच करतो. शेवटचं दीड वर्ष बाबांना आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. हाच रोज सकाळी येऊन त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवायचा, उन्हात बसवायचा. खोलीतून तेवढा स्वेटरच बाहेर गेला; तो त्याला दे, हे बाबांनीच सांगून ठेवलं होतं.

मला कुणी सांगितलं नाही, मी म्हटलं.

"तुला व्हिडिओवर ते खुर्चीत बसलेलेच दिसायचे ना," ताई म्हणाली. रागाने नाही. "खोली परवा रिकामी करून दिली. तू लिहिलंस तसंच केलं, सगळं देऊन टाकलं."

ताई, मी येतो, म्हटलं.

"आता कुठे येतोस?"