फिरवलेली अंडी

आई, तू समुद्र कधी पाहिला नाहीस, आणि मीही पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता. यंदाच्या थंडीत पाहिला, तोही हौसेनं नव्हे, प्रशिक्षणाला पाठवलं म्हणून. आम्हा शिक्षकांना हल्ली कशाचंही प्रशिक्षण देतात. या वेळी समुद्री कासवांचं संवर्धन होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं करून शिकायचं. वेल्ह्याच्या डोंगरावरच्या माझ्या शाळेतून समुद्राचं सोडच, होळीनंतर ओढ्यालासुद्धा पाणी दिसत नाही. पण नाव आलं की जायचं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो आणि तो माझ्यात आता उरलेला नाही. नसरापूरला गाडी भरली, भोर मागं पडलं आणि घाट उतरताना भोंगवलीचे एक गुरुजी म्हणाले, "बाई, आमच्या हिरीत येक कासव हाय, लई वर्सांचं. त्येला कुणी विचारत न्हाई, अन् आमी निगालो समुद्रातल्यांची बाळंतपणं कराया." सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं, पण त्याहून जास्त झोप येत होती.

तिथं शिकवायला एक तरणी मुलगी होती, माझ्या धाकटीच्या वयाची. तिनं सांगितलं, की कासवीण वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा बघायलासुद्धा येत नाही. मागं कुत्री-कोल्हे अंडी उकरतात, म्हणून ती काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची. सकाळी एक घरटं सापडलं, आदल्या दिवशी नजरेतून सुटलेलं, आणि नेमकं ते माझ्या वाट्याला आलं. "ही कालची अंडी आहेत," ती म्हणाली. "आतला जीव एव्हाना वरच्या बाजूला चिकटलाय. जसं उचलाल तसंच ठेवायचं. फिरलं की गेलं." मी मान डोलावली. नवा खड्डा मडक्यासारखा होता, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर. मी वाळूत पालथी पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एकेक अंडं तळाशी ठेवू लागले. पांढरी, गोल, मऊ, ओलसर अंडी. आणि आई, माझा हात ती फिरवून ठेवत होता.

तू चुलीपाशी बसली आहेस. कोपऱ्यात पाटीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आहेस. प्रत्येक अंड्यावर तू कोळशाची खूण केली आहेस, कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून. रोज अंडी फिरवायचं काम माझ्याकडं. मला कोंबडी टोचेल याची भीती वाटते, म्हणून मी कडेकडेची फिरवते आणि उठते. तू मला खसकन ओढून खाली बसवतेस. "येका कुशीवर रातभर निजलीस तर अंग दुखतंय न्हवं? मग त्या जिवाचं न्हाई व्हय दुखत?" मग माझं मनगट धरून माझा हात कोंबडीच्या पोटाखाली सरकवतेस. माझ्या हातावर तुझा हात. "भिऊ नगं. ऊन हाय तुजा हात. तिला कळतंय." एरवी तू आम्हा पोरांना जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. गुरं, शेण, सरपण, पाणी यातून तुला वेळ कुठं होता! पुढं डी.एड.ला कळलं, की कोंबडी आपली अंडी आपल्याच चोचीनं फिरवते, माणसानं मध्ये हात घालायची गरज नसते. सुट्टीत आल्यावर मी ते तुला मोठ्या ऐटीत सांगितलं. तू म्हणालीस, "फिरवू दी की तिला. म्या बी फिरवती." त्याच वर्षी तू गेलीस.

"मॅडम, अहो, फिरवताय काय!" माझा दंड वळताना बघून ती शिकवणारी मुलगी ओरडली, तेव्हा माझा हात थांबला. कुठली फिरवली आणि कुठली नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्या अंड्यांना टोक नसतं, बूड नसतं, आणि कोळशाची खूण तर नव्हतीच. आता काही करता येणार नाही, वाळू लोटा, ती म्हणाली. खड्ड्यावर माझ्या नावाची पाटी लागली. परत आल्यावर मी शाळेत सगळं सांगितलं, एवढं सोडून. गुराढोरांतली पोरं ती, नुकतं जन्मलेलं कोकरू पोटाशी धरून वाढलेली. रोज विचारायची, "बाई, आपली पिल्लं निगाली का?" त्यांचं ते 'आपली' मला ऐकवत नसे.

परवा त्या शिकवणाऱ्या मुलीचा फोन आला. बाकीच्यांच्या खड्ड्यांतली पिल्लं समुद्रात गेली. माझ्या खड्ड्यातून थोडीच निघाली. राहिलेली अंडी उकरून पाहिली तर नासलेली होती. "मनाला लावून घेऊ नका, मॅडम," ती म्हणाली. फार चांगली मुलगी आहे. काल मी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं, की अंडी माझ्या हातानं फिरली, म्हणून पिल्लं मेली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "माजी आय बी फिरवती कोंबडीची. ती न्हाई मरत." मी कोंबडीचं आणि कासवाचं वेगळं कसं ते समजावलं. तिनं विचारलं, "मग तुमास्नी आदी कुणी सांगितलं न्हवतं का, बाई?" मी म्हणाले, "सांगितलं होतं गं. पण सवयीनं हात फिरला." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

तुला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हे पत्र कुठं धाडायचं हा प्रश्न तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. म्हणूनच लिहिते. पहिलं अंडं सवयीनं फिरलं, हे खरं. दुसरं घेतलं तेव्हा त्या शिकवणाऱ्या मुलीचं बोलणं मला स्वच्छ आठवत होतं. पण हात खोल ओल्या अंधारात होता, बोटांत अंडं होतं आणि वरून तुझा हात आला होता. ती ओरडेपर्यंत मी तो सोडला नाही.