उमरठच्या बालवाडीचे ठोकळे

शुभदा,

मी सकाळच्या एसटीने उमरठला जाते आहे. बालवाडीची किल्ली आज ग्रामपंचायतीत देऊन टाकते. जूनमध्ये आपली चैत्राली इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली, तेव्हाच तिथल्या बायका म्हणाल्या, "बाई, तुमची नात एबीसीडी लिवते, मग आमच्या पोरांनी ठोकळंच रचायचं काय?" एकेक करून सगळी मुलं इंग्रजी शाळेत गेली.

तुला दोष देत नाही. इंग्रजी शाळेत घालू का, असं तू विचारलंस तेव्हा मीच नको म्हटलं नाही.

काल ठोकळ्यांची पेटी घरी आणली. गेल्या वर्षी चैत्राली माझ्याबरोबर बालवाडीत यायची, तेव्हा तिचा ठोकळ्यांचा पूल सात वेळा कोसळला होता. शेवटी दोन आखूड मिळून एक लांब होतो, हे तिचं तिनेच शोधलं आणि बालवाडी डोक्यावर घेतली. काल मात्र हाताची घडी घालून समोर बसली. म्हणाली, "आजी, काय बनवायचं ते आधी काढून दाखव. चुकलं तर मॅडम ओरडतात."

मी म्हटलं, "इथे मॅडम नाहीत गं. यात काही चुकतच नाही."

तिला ते पटलं नाही. ठोकळ्याला हातही न लावता उठून गेली.

पस्तीस वर्षं गावाची मुलं सांभाळली, आणि घरातली एक सांभाळता आली नाही.

आज तिला पाठवू नकोस, असं लिहिणार होते. पण व्हॅन येईल आणि तू पाठवशील. डबा भरून ओट्यावर ठेवला आहे.

आई